खिंडीवरचा कागद

आमच्या घरात सायकल चालते ती भट्टीच्या खोलीत. दुसरी जागाच नाही, आणि असती तरी मी दिली नसती. एका बाजूला पावाची भट्टी, मधे माझं मळायचं टेबल, आणि पलीकडे भिंतीकडे तोंड करून माझ्या नवऱ्याने पाण्याच्या पाइपातून करून घेतलेले रोलर. लोखंडी चौकटीत तीन नळकांडी आडवी बसवलेली. त्यांच्यावर सायकल नुसती ठेवायची, कुठे बांधायची नाही, आणि पायडल मारायला लागायचं. चाकाखाली नळकांडी गरागरा फिरतात, सायकल मात्र जागची हलत नाही. तोल गेला की माणूस थेट जमिनीवर, नाहीतर माझ्या पिठात. माझी पोर देर्ली लहान असताना एकदा पिठात पडली होती. मी गिऱ्हाइकांना काही बोलले नाही, पाव विकून टाकले.

मला विचाराल तर रोलरइतकी शहाणी वस्तू जगात नाही. पोर तास न् तास सायकल हाणते, घामाने निथळते, आणि खाली उतरते तेव्हा माझ्याच घरात असते.

किती वेळ चालवायचं ते घड्याळावर ठरत नाही, भट्टीवर ठरतं. कुस्तोदियो मास्तर सकाळी दारातून डोकावतात. हे मास्तर म्हणजे चौकातले सायकल दुरुस्तीवाले म्हातारबुवा. गावातल्या सगळ्या पोरांना शर्यतीचं तेच शिकवतात म्हणून मास्तर. दारातूनच ओरडतात, "देर्ली, आज तीन भट्ट्या! शेवटची जीव तोडून!" शेवटची भट्टी नेहमी अल्मोहाबानांची, म्हणजे चीज आणि मक्याच्या पिठाच्या गोल पावांची. ते फुगायला लागले की पोरीने जोर वाढवायचा, आणि वरून तांबूस झाले की थांबायचं. राजधानीच्या, बोगोताच्या पोरींकडे म्हणे आता पडदा लावलेली यंत्रं आहेत, पडद्यावर डोंगर दिसतो. आमच्याकडे पाव दिसतात.

आणि तो आवाज. आधी नुसती घरघर, मग वेग आला की एकसुरी गुणगुण. भिंतीतून, जमिनीतून घरभर पसरते. ती चालू असली की मला वाटतं, सगळी माणसं घरात आहेत.

तो आवाज मूळचा एलिसेओचा. एलिसेओ माझा नवरा. अजून नवराच म्हणायचा, चर्चने काही लग्न मोडलेलं नाही.

आमच्या इथली शर्यत क्रूसाच्या खिंडीवरून जाते. चढून आलेला माणूस घामाने चिंब असतो आणि पलीकडचा उतार म्हणजे नुसता गारठा. तसाच उतरला तर थंडी छातीत भरते. म्हणून खिंडीवर घरचं माणूस वर्तमानपत्र घेऊन उभं असतं. सायकलवाला चालता चालता कागद घेतो, जर्सीच्या आत छातीवर कोंबतो आणि सुटतो. कागद कोणाचाही चालतो हो, थंडीला काय कळतंय. पण आमच्याकडे तो घरच्याच हातचा घेतात. एखाद्या मुलीच्या हातचा कागद एखाद्याने तिथे घेतला की गाव काय समजायचं ते समजतं. माझं लग्न तसंच ठरलं.

त्याला शेवटचा कागद दिला तोही मीच. स्पेनची एक टीम त्याला बघायला आली होती. कागद घेताना म्हणाला, "सुमर्से, संध्याकाळी सूप गरम ठेव." सुमर्से म्हणजे, आमच्या बोयाका प्रांतात मान आणि माया दोन्ही एका शब्दात उरकतात. मी सूप गरम ठेवलं. तो जिंकला, सूप प्यायला, आणि पंधरवड्यात स्पेनला गेला. पहिली दोन वर्षं फोन आले. मग सणासुदीला आले. मग त्याच्याकडचे सणही संपले वाटतं. मेलाबिला नाहीये, तिकडे दुसरा संसार थाटून बसलाय, सायकलचं दुकान आहे म्हणे. मला त्याची आठवण येते का? येते. हलकट माणसाची आठवण येऊ नये असा काही कायदा नाही. त्याचा रेनकोट अजून दाराआड टांगलाय, आणि फरशी पुसताना मी तो बाजूला करून पुसते.

देर्ली तेव्हा पाच वर्षांची. बाप गेला आणि पोर झोपेनाशी झाली. औषधं झाली, चर्चमध्ये मातेला मेणबत्त्या लावून झाल्या, काही उपयोग नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिला त्या आवाजात झोपायची सवय. तिला मांडीवर घ्यायचे, रोलरशेजारी जमिनीवर बसायचे आणि तळहाताने नळकांडं फिरवत राहायचे. थोड्या वेळात मान टाकायची. पुढे पाय पुरायला लागले तशी आपणच बापाच्या जुन्या सायकलवर चढली. मी नको म्हटलं नाही. आवाज परत आला होता ना घरात.

रस्त्याला मात्र मी परवानगी दिली ती फक्त चढाची. रविवारी सायकलने खिंडीपर्यंत वर जायचं, आणि खाली यायचं ते माझा भाऊ साउल याच्या दुधाच्या गाडीतून, कॅनांमध्ये बसून. एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझ्या पोरीने डोंगर चढले ते सायकलवर आणि उतरली ती दुधाबरोबर. गाव हसायचं. हसणाऱ्यांना मी शिळे पाव द्यायचे.

एक दिवस मास्तर दारातून न ओरडता आत आले, टोपी काढली. मी समजले, काहीतरी भानगड आहे.

"हर्मेन्सियाबाई, भट्टी जरा बंद करता का? बोलायचंय."

"भट्टी कोणासाठी बंद होत नाही, मास्तर. बोला. हात मळतायत, कान मोकळे आहेत."

"इटलीची एक बायकांची टीम येतेय. त्यांना डोंगर चढणारी एक पोरगी हवीय. पुढच्या महिन्याची शर्यत बघून ठरवणार."

"शर्यत कुठपर्यंत?"

"सोगामोसोपर्यंत."

"म्हणजे खिंडीच्या पलीकडे."

"आता सोगामोसो काही अलीकडे ओढून आणता येत नाही, बाई."

माझ्या मागे रोलरची गुणगुण उतरत उतरत थांबली. देर्ली सायकलवर बसूनच भिंतीला हात टेकून ऐकत होती.

"तिला उतरता येत नाही," मी म्हटलं.

"येत नाही कारण तुम्ही उतरू देत नाही!" मास्तरांचा आवाज चढला. "असे पाय मी उभ्या जन्मात बघितले नाहीत. आणि ते पाय घेऊन पोर खाली येते कशातून? दुधाच्या कॅनांतून! अहो, देवाला तरी बरं वाटत असेल का हे?"

"देवाचं देव बघेल. तुम्ही सायकली बघा."

"आई," देर्ली म्हणाली, "मी रोज मरेस्तोवर चालवते, आणि समोर काय असतं माहितीये? भिंत. भिंतीवर कार्मेनच्या मातेची तसबीर, आणि तिच्या पायाशी तो ओलीचा डाग. मला तो डाग पाठ झालाय."

"मग माता पाठ कर."

"मला खिंडीच्या पलीकडे जायचंय गं."

"गेलीयेस की. बसने किती वेळा गेलोय आपण मावशीकडे."

"बसने नाही. माझ्या चाकांवर. एकदा तरी जोरात चालवल्यावर पुढे जाऊ दे ना मला!"

बोलताना मान अशी तिरकी केली तिने, हुबेहूब बापासारखी. तो असा समोर आला की मला राग येतो. कणकेचा गोळा मी टेबलावर असा आपटला की मास्तर मागे सरकले.

"बरं," मी म्हटलं. "जा. पण खिंडीपर्यंत. सगळ्यांच्या आधी वर पोच, दाखव त्यांना तुझे पाय. मी साउलची गाडी घेऊन वर उभी असेन. तिथे थांबायचं, गाडीत बसायचं, घरी यायचं. मातेवर हात ठेव आणि शपथ घे."

"अहो, अर्धी शर्यत कोण खेळतं?" मास्तर कळवळले.

"मी अर्धा पावसुद्धा विकते. घेणारा घेतो."

देर्लीने माझ्याकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. सायकलवरून उतरली, तसबिरीवर घामट हात ठेवला आणि शपथ घेतली. मग परत चढून चालवायला लागली. त्या दिवशी तिने पाच भट्ट्या चालवलं. माझे पाव संपले, ती थांबेना.

गावाला वाटायचं, हर्मेन्सिया पोर पडेल म्हणून घाबरते. पडण्याची भीती मला कधीच नव्हती. पडलेल्या माणसाला उचलून घरी आणता येतं. मला भीती होती ती पोर नीट उतरेल याची.

शर्यतीच्या सकाळी खिंडीवर ही गर्दी! धुकं इतकं की शेजारचा माणूस खोकला तरच कळावा. लोक घोंगड्या पांघरून उभे, हातात गूळपाण्याचे वाफाळते पेले, आणि ज्याचं कोणी शर्यतीत होतं त्याच्या काखेत वर्तमानपत्र. मी टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. टोपलीत अल्मोहाबाना, पोर गाडीत बसली की खायला.

साउलने टोपलीत डोकावलं. "कागद आणलास वाटतं, ताई."

"पाव गुंडाळलेत."

"चार पावांना अख्खं रविवारचं वर्तमानपत्र?"

"तू तुझी गाडी बघ. गरम करून ठेव, पोर गारठून येईल."

कोणाच्या तरी हातातला रेडिओ खरखरत होता. निवेदक बोंबलत होता, एक मुलगी सगळ्यांना सोडून पुढे गेलीये, ही कोण, कुठली, कोणाला माहिती आहे का? "बेकरीवाल्या हर्मेन्सियाची!" माझ्या मागून कोणीतरी रेडिओलाच ओरडून सांगितलं. रेडिओला काय ऐकू येणार? पण मी ताठ झाले.

मग ती धुक्यातून वर आली. मी लांबूनच ओळखली, कारण ती सरळ येत होती. बाकीच्या पोरी चढावर दमल्या की सायकल डावी-उजवीकडे झुलवतात. माझी रोलरवर शिकलेली. तिथे वीतभर इकडेतिकडे गेलं की संपलं. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून चाक तसूभर हलत नव्हतं. लोक ओरडत होते, रस्त्यात घुसून तिच्या बाजूने धावत होते. आणि पोर माझ्यासमोर आली, ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकवला.

बाजूने धावणारे लोकही अडखळून थांबले. मग एकदम गलका. "अगं ए! थांबतेस काय! चल, चल!"

ती कोणाकडे बघत नव्हती. छाती भात्यासारखी चाललेली. "आले, आई," म्हणाली. "मामाची गाडी कुठे आहे?"

मी बोट दाखवलं की संपणार होतं. गाडी तिथेच होती, इंजिन चालू होतं. घरी जाऊन सूप प्यायलो असतो, उद्या सकाळी भट्टी पेटली असती, रोलर फिरले असते, परवाही फिरले असते. मला आयुष्याकडून एवढंच हवं होतं, आणि ते दहा पावलांवर उभं होतं.

पण तिने मान वळवली. पलीकडे रस्ता धुक्यात खाली जात होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती. लहानपणी भट्टीचं दार उघडलं की पावाकडे बघायची ना, तशी. मागायची नाही. नुसती बघायची.

माझा हात आपोआप टोपलीत गेला. पाव मी खाली टाकले, चिखलात. वर्तमानपत्र काढलं, चार घड्या घातल्या, तिच्या जर्सीची चेन ओढली आणि कागद छातीवर सारखा केला. तिचं अंग नुसतं भट्टी झालं होतं.

"आई, काय करतेस?"

"दिसत नाही का?"

"अगं पण मला खरंच उतरता येत नाही! रोलरवर जरा कललं की पडायला होतं. मला कलताच येत नाही."

"ऐक. तुझा बाप जेवताना हेच बडबडायचा, मला तोंडपाठ आहे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दरीकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं. आणि कलायचं. रोलरवर कललं की पडतं, इथे नाही कललं की पडतं. कळलं?"

"आणि शपथ?"

"मातेचं मी बघते. तिला रोज फुलं कोण घालतं? तू?"

"आई..."

"अगं मागच्या आल्या बघ! पळ! सूप गरम ठेवते!"

मी जर्सीची चेन वर ओढली आणि दोन्ही हातांनी तिच्या पाठीला असा धक्का दिला की माझाच तोल गेला. ती गेली. पहिल्या वळणाला, धुकं तिला गिळायच्या आधी, मी बघितलं. आधी ताठ, मग जराशी, मग आणखी थोडी, तिची पाठ कलली. मी तिथे उभी राहून रडले. सगळ्यांदेखत, मोठ्याने. आवाज ऐकून साउल आला आणि मला धरून उभा राहिला, हे त्याच्या हातून आयुष्यात एकदाच घडलंय.

जिंकली नाही ती. उतारावर तिघी पुढे गेल्या, आणि एका वळणावर आपटली, कोपर सोलवटून घेतलं. पण उठून परत सायकलवर बसली आणि सोगामोसोला पोचली. इटलीच्या बाईंनी मास्तरांना सांगितलं की उतरायला आम्ही शिकवू, चढायला कोणाला शिकवता येत नाही. हे सांगताना मास्तरच ढसाढसा रडत होते. संध्याकाळी पोर दोन वाट्या सूप प्यायली. छातीवरचा कागद ओला होऊन चिकटला होता, तो मी तिच्या अंगावरून हळूहळू सोडवला. दोन महिन्यांनी ती इटलीला गेली.

आता भट्टीच्या खोलीत शांतता असते. मला ती सहन होत नाही, उगाच का खोटं बोलू? रेडिओ लावून बघितला, बंद केला. आणि माझे पाव करपायला लागले. मला वाटायचं, पोर माझ्या भट्टीवर सायकल चालवते. पण मीही इतकी वर्षं तिच्या आवाजावर पाव काढत होते. गुणगुण चढली की माझा हात भट्टीच्या दाराकडे जायचा. आता हाताला काही कळतच नाही. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नाहीत, पावाचा खालचा काळा भाग चाकूने खरवडून खातात.

परवा दुपारी अल्मोहाबाना आत सरकवल्या आणि फोन वाजला. तिकडे तेव्हा झोपायची वेळ.

"जेवलीस?" मी विचारलं.

"जेवले. पास्ता."

"रोज पास्ता?"

"रोज. आई, आज मी उतारावर दोघींना मागे टाकलं."

"बरं केलंस. कोपर कसंय?"

"ते कधीच बरं झालं." मग आवाज खाली आणला. "आई, इथे फार शांत आहे गं. खोली छान आहे, गादी छान आहे. पण झोपच लागत नाही. कुणाला सांगायला जावं तर हसतील."

तिचा बापही तिकडे पहिल्या रात्री असाच जागला असेल का, असं मनात येऊन गेलं. असेलही. त्याने सांगितलं नाही.

"थांब," मी म्हटलं. "फोन उशाशी ठेव."

जमिनीवर बसायला हल्ली मला वेळ लागतो. एका हाताने टेबल धरत बसले. माझा फोन रोलरच्या चौकटीला टेकवून ठेवला आणि तळहाताने मधलं नळकांडं फिरवलं. दोघांना जोडणाऱ्या पट्ट्याने पुढचंही फिरायला लागलं. आधी घरघर झाली. मग हात भराभर चालवला तशी हळूहळू गुणगुण सुरू झाली.

फोनमधून तिचं हसू आलं. "किती हळू चालवतेस, सुमर्से."

"माझं वय बघ. डोळे मीट."

ती काहीतरी पुटपुटली, मग नुसता श्वास ऐकू यायला लागला, मग तोही संथ झाला. खांदा भरून आला तेव्हा मी हात बदलला. भट्टीतून वास यायला लागला होता. पुढे दुकानातून कोणीतरी गिऱ्हाईक ओरडलं, "बाई, करपतंय हो!"

करपू दे. मी हात थांबवला नाही.